अर्जातील मुद्दा क्रमांक चार

आमच्या घरी सकाळ दोन आवाजांनी व्हायची. पहिला ताईच्या पायातल्या कॅलिपरचा, गुडघ्यापाशी लोखंड बसलं की ‘खट्’. दुसरा बाबांच्या टाइपरायटरचा. हे दोन आवाज ऐकून गावातल्या लोहारा भागातली अर्धी वस्ती घड्याळं लावत असे, आणि उरलेली अर्धी आम्हाला शिव्या देत असे. बाबा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. देवावर त्यांचा विश्वास होता, पण देवानं लेखी काही दिलेलं नसल्यामुळे तो जरा बेताचाच. कागदावर मात्र पूर्ण. नळाला पाणी आलं नाही, अर्ज. शेजाऱ्याचा कोंबडा अवेळी आरवला, अर्ज. मला शाळेत घातलं त्या दिवशी हेडमास्तरांना दिलेल्या अर्जाला तीन सहपत्रं होती, त्यांतलं एक मी होतो. एकदा तर त्यांनी आईला ‘विषय : वरणात मीठ अधिक पडल्याबाबत’ असं लेखी दिलं, आईनं त्यावर हळदीच्या बोटानं आवकचा ठसा मारला आणि वरण तसंच वाढलं. हे मी थोडं वाढवून सांगतो असं आई म्हणायची. थोडंच.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्या दुसऱ्या वर्षी ताप आला, तापाबरोबर पोलिओ आला, ताप गेला आणि तो राहिला. दोन्ही पायांत कॅलिपर, काखेत कुबड्या, आणि बाहेर जायला हातानं पायडल मारायची तीनचाकी. त्या तीनचाकीनं आणि हातानं फिरवायच्या शिलाई मशीननं तिचे दंड असे झाले होते की तिच्याशी पंजा लढवायची हिंमत अख्ख्या गल्लीत मी एकट्यानं केली, आणि अजून ढग आले की माझं मनगट दुखतं. पण लोकांना दंड दिसत नसत. त्यांना पाय दिसत, आणि पाय दिसले की उचलायची सुरसुरी येई. देवळाला पायऱ्या आहेत, उचला. परीक्षेची खोली वरच्या मजल्यावर आहे, उचला. या कामातला अव्वल माणूस म्हणजे आमचा घाटंजीचा मामा. कापसाची शेती, कपाटाएवढी छाती, मिशा अशा की त्यांवर दोन पोपट बसले असते आणि भांडले नसते. पुसदला मावसबहिणीच्या लग्नात त्यानं ताईला खांद्यावर टाकलं आणि मांडवाच्या दारापासून स्टेजपर्यंत नेलं. मामाचं तोंड नवरानवरीकडे, ताईचं मांडवाच्या दाराकडे. सगळं वऱ्हाड तिच्याकडे पाहून चुकचुकत होतं आणि ती त्यांच्याकडे पाहत लांब लांब जात होती. घरी आल्यावर ती म्हणाली, “आजपर्यंत सगळं जग मी मामाच्या पाठीकडून पाह्यलं. आता मले कोणी उचलायचं नाही.”

“अवं, पण मले वजन होत नाही न तुहं,” मामा म्हणाला. त्याला खरंच वाटलं होतं की प्रश्न वजनाचा आहे.

अशात गावाबाहेर फन पार्क निघालं. आमच्याकडे तोवर करमणूक म्हणजे आठवडी बाजार, आणि फारच झालं तर कोणाचा तरी बैल विहिरीत पडणं. त्या पार्कात पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, छोटी आगगाडी होती, आणि सगळ्यांत मोठा म्हणजे आकाशपाळणा. तो आमच्या गल्लीच्या तोंडावरून दिसायचा. वर गेलं की नागपूर दिसतं, असं मी शाळेत सांगितलं. संध्याकाळी तीच बातमी फिरून माझ्याकडे आली तेव्हा मध्य प्रदेश सुरू झाला होता.

ताई मशीनवर कोणाचं तरी पोलकं शिवत बसली होती. कूलर घुमत होता, वाळ्याचा ओला वास घरभर होता. तिनं चाक थांबवलं आणि विचारलं, “वरून आपलं घर दिसते काय रे?”

“दिसते न. आईच्या कढईत काय शिजून राह्यलं तेही दिसते.”

“खोटं बोलू नको. घर दिसते का तेवढं सांग.”

“घर तर दिसतच असन.”

“मले पाहायचं आहे,” ती म्हणाली. “माझी मी जाऊन. सामोरून.”

तोवर ताईनं घरात काही मागितल्याचं मला आठवत नाही. बाबांनी चष्मा पुसला, टाइपरायटरवरचं फडकं काढलं आणि कागद चढवला. विषय : अपंग व्यक्तीच्या भेटीच्या अनुषंगाने उपलब्ध सोयींची माहिती मिळणेबाबत. खाली सात मुद्दे, प्रत्येकासमोर होय किंवा नाही लिहायला जागा. प्रवेशद्वारास उतार आहे काय. स्वच्छतागृह वापरता येते काय. मुद्दा क्रमांक चार होता, आकाशपाळण्यापर्यंत अपंग व्यक्तीस पोचता येते काय. शेवटी भेटीचा वार आणि तारीख, आणि ‘उपरोक्त माहिती विनाविलंब सादर करावी’. त्याखाली सही, आणि सहीखाली पदनाम, कारण पदनाम लिहिल्याशिवाय बाबांचा हात थांबतच नसे; वाण्याच्या यादीवरसुद्धा ते असायचं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. पार्कचा शिक्का, मॅनेजरची सही, आणि सातही मुद्द्यांपुढे ‘होय’. बाबांच्या अख्ख्या नोकरीत कुठल्याच कागदाला इतक्या लवकर उत्तर आलं नव्हतं. तिथंच शंका यायला हवी होती.

शंका आली ती आईला. ती म्हणाली, “एकदा सायकलवर जाऊन पाहून तरी या. दहा मिनिटं लागतात.”

“लेखी आलंय,” बाबा म्हणाले. “लेखी आल्यावर पाहायला जाणं म्हणजे त्या कागदावर अविश्वास दाखवणं.”

एप्रिलातला रविवार होता. आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या, कोथिंबिरीच्या सांभारवड्या, कांदा आणि ठेचा असं सगळं घेतलं, इतकं की पार्कला वेढा पडला असता तरी आम्ही महिनाभर लढलो असतो. ऊन जरा उतरल्यावर मामा घाटंजीहून जीप घेऊन आला. तीनचाकी मागे बांधली. ताई पुढच्या सीटवर आपली आपण चढून बसली, दांडीला धरून, एका झटक्यात, आणि मामानं अर्ध्यात पुढे केलेले हात परत खिशात घातले.

पार्कच्या फाटकावर कापडी फलक होता : ‘तपासणी पथकाचे हार्दिक स्वागत’. मॅनेजर हार घेऊन उभा होता, त्याच्या बाजूला नारळाचं ताट. आम्हाला वाटलं, कोणीतरी मोठं येणार असेल, आपण बाजूनं जाऊ. तोवर हार मामाच्या गळ्यात पडला, कारण पथकात मिशा त्याच्या मोठ्या होत्या.

“या साहेब, या,” मॅनेजर म्हणाला. “हा मुद्दा क्रमांक एक. उतार. परवाच पूर्ण केला.”

उतार खरंच होता. सिमेंट अजून ओलसर होतं आणि चढ असा होता की शेळीनंही मध्ये बसून दम खाल्ला असता. तीनचाकी अर्ध्यावर गेली, क्षणभर विचारात पडली आणि उलट्या पावली रस्त्यापर्यंत परत आली. ताईनं पुन्हा पायडल धरलं. पुन्हा अर्ध्यावर. मामाच्या हातांना खाज सुटलेली मला दिसत होती. तिसऱ्या वेळी तिनं दात दाबले, दंडाची शीर टरारली, आणि ती वर पोचली. फाटकातल्या फिरत्या दांड्यातून तीनचाकी जाईना, म्हणून मग बाजूचं मालाचं फाटक उघडावं लागलं. त्यातून आम्ही बर्फाच्या लाद्यांबरोबर आत शिरलो.

“बाकीचे साहेब मागच्या गाडीत आहेत काय?” मॅनेजरनं बाबांना विचारलं.

“बाकीचे कोण? ही माझी मंडळी, हा मुलगा, हे मेहुणे. आणि ही मुलगी, जिच्यासाठी मी अर्ज केला होता.”

“म्हणजे तपासणी नाही?”

“कसली तपासणी? आम्ही फिरायला आलोय.”

 मॅनेजरनं ‘होय’ लिहिलेला कागद मागून घेतला, बाबांच्या अर्जातलं पदनाम आठवून पाहिलं असावं, कागद परत दिला, आणि मामाच्या गळ्यातला हार काढून घेतला. नारळाचं ताटही गेलं. आमच्या बाबांनी फिरायला जायचं विचारलं होतं, पण अशा भाषेत की त्या बिचाऱ्याला वाटलं वरून फर्मान आलं. भीतीनं त्यानं सात वेळा होय लिहिलं आणि चार दिवसांत होईल तेवढं सिमेंट ओतलं. तपासणी नाही हे आधी कळलं असतं तर एवढं ‘होय’ही लिहिलं नसतं, याचं त्याला आता वाईट वाटत होतं.

पुढचे दोन तास माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब. सगळीकडे शोभेची बारीक गिट्टी पसरलेली, तिच्यात तीनचाकीची चाकं रुतत. दर दहा पावलांवर मी मागून ढकलायचो, ताई पुढून ओढायची. स्वच्छतागृहाच्या दारावर खुर्चीत बसलेल्या माणसाचं चित्र काढलेलं, रंग ताजा, आणि दारापर्यंत चार पायऱ्या. ताई त्या कुबड्यांवर चढली, तर दाराला कुलूप. किल्ली आणायला गेलेला माणूस अर्ध्या तासानं आला. दार उघडलं तर आत खराटे, रंगाचे डबे आणि तुटलेलं प्लास्टिकचं बदक. आईनं साडीचा पदर कमरेला खोचला आणि डबे बाहेर काढायला लागली. आगगाडीचा डबा फलाटापासून हातभर लांब थांबायचा. पाण्याकडे जायचा रस्ता शेवाळाचा. दरवेळी मॅनेजर लांबून हात करायचा आणि म्हणायचा, “उचलून घ्या न, काय होते.”

तेव्हा अपंग म्हणत, आता दिव्यांग म्हणतात. पायऱ्या तेवढ्याच आहेत. परवा भाचीच्या पोरांना घेऊन अशाच एका ठिकाणी गेलो, तर तिकीट मोबाइलवर काढताना व्हीलचेअरपुढे हिरवी खूण आली. मी ती खूण लगेच ओळखली. त्या ‘होय’चीच नात ती. तिथं गेल्यावर उतार होता, छान, गुळगुळीत, कठडे लावलेला. तो संपायचा तिथं कुंडी ठेवलेली. आता माझेही गुडघे बोलायला लागले आहेत, म्हणून कुंडीवर मी जरा जास्त बोललो. पहारेकरी म्हणाला, काका, शांत राहा. मी आयुष्यभर शांत राहिलेलो नाही, पण हे त्याला कुठून माहीत असणार.

तर आकाशपाळणा. त्याच्यापर्यंत अकरा लोखंडी पायऱ्यांचा जिना होता, एका बाजूला बारीक कठडा. मॅनेजर तिथं आधीच येऊन उभा होता, आमची ब्याद जाईपर्यंत तो आता आमच्यामागेच होता.

“कुबड्या घेऊन नाही जाता येत वर,” तो म्हणाला. “मिशीवाले काका नेतात काय उचलून?”

“नेतो न,” मामा म्हणाला.

“नाही,” ताई म्हणाली. “मी माझी चढीन. चढले तर बसू देसान न?”

मॅनेजरनं जिन्याकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं आणि हसला. “चढा न बाई. तुम्ही चढल्या तर आम्ही कायले नाही म्हणतो.”

ताईनं कुबड्या आईकडे दिल्या. मला म्हणाली, “तू पळ, जागा धरून ठेव.” एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात आमच्या भागात माझा हात धरणारा कोणी नव्हता. मी वर गेलो, तिकीट दाखवलं, पाळण्यात बसलो आणि बाजूला रुमाल अंथरला.

खाली ताई पहिल्या पायरीवर पाठमोरी बसली. लोखंड दिवसभर तापून तवा झालेलं. मामानं खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्याखाली सरकवला. मग दोन्ही तळवे वरच्या पायरीवर, एक रेटा, आणि पुढची पायरी. कॅलिपरचे पाय मागून खडखडत यायचे, ते ती हातानं उचलून घ्यायची. दुपट्टा पुन्हा खाली घ्यायचा, पुन्हा रेटा. पाचव्या पायरीवर रांग कुरकुरायला लागली. “अहो, घ्या न तिले उचलून, आम्हाले घरी जायचं आहे.” एक बाई म्हणाली, “पोरीचे कायले हाल करून राह्यले?” ताई थांबली, घाम पुसला आणि तिला म्हणाली, “बाई, मीही तिकीटवालीच आहे. थांबा जरा.”  आठव्या पायरीपासून लोक मनातल्या मनात तिच्याबरोबर मोजायला लागले होते. मला वरून त्यांचे ओठ दिसत होते. हे मी वाढवून सांगत नाही.

अकरावी पायरी. ती वर फलाटावर आली, तळवे लाल, चोळीची पाठ भिजलेली. माझ्याकडे वळून पाहिलं. आमच्यात चार हातांचं अंतर राहिलं होतं.

फलाटावर एका पाटीला वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. मॅनेजरनं खालून खूण केली, पाळणा चालवणाऱ्यानं कागद फाडला. तपासणीसाठी झाकलेली पाटी होती ती. ‘मद्यपी, गर्भवती, हृदयविकाराचे रुग्ण व अपंग यांना मनाई.’

ताईनं ती वाचली. म्हणाली, “दारू पिऊन आले असते तर एवढा जिना नसता चढता आला.”

“माझ्या हाती काही नाही ताई,” चालवणारा म्हणाला, आणि त्यानं खाली पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता.

तोवर बाबा धावत वर आले. आयुष्यात त्यांना मी धावताना तेवढं एकदाच पाहिलं. त्यांनी कागद उलगडला आणि मॅनेजरच्या दिशेनं धरला. “मुद्दा क्रमांक चार. तुमचं उत्तर. होय.”

मॅनेजर दोन पायऱ्या चढून आला. “वाचा न साहेब. पाळण्यापर्यंत पोचता येते काय. पोचता येते. पोचल्या न त्या? पाळण्यात बसता येते काय, असं तुम्ही विचारलंच कुठं?”

बाबांनी चष्मा सारखा केला आणि कागद पुन्हा वाचला. मग आणखी एकदा. तीस वर्षं समोरच्या खुर्चीतल्या माणसांना त्यांनी हेच सांगितलं होतं : तुमच्या अर्जात तसं नमूद नाही.  मी पाळण्यातून ओरडलो असतो, बरंच काही तयारही होतं, पण मॅनेजर म्हणाला, “चला, भरला पाळणा, चालू करा,” आणि माझ्या पोटावर दांडा पडला. मी वर जायला लागलो. शेजारी रुमाल बसला होता.

पहिल्या फेरीला वर गेलो तेव्हा ताई फलाटावरच होती आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. दुसऱ्या फेरीला मामा हात पसरून पुढे झाला, तिनं मान हलवली, तो मागे सरला. तिसऱ्या फेरीला ती उतरायला लागली होती, यावेळी तोंड पुढे करून. आणि चौथ्या फेरीला मी पाहिलं, बाबा तिच्या बाजूला बसले होते. इस्त्रीची पँट, बुशशर्टच्या खिशाला पेन, आणि तापलेल्या लोखंडावर बसून तिच्याबरोबर एकेक पायरी खाली सरकत होते. ती थांबली की थांबायचे, ती सरकली की सरकायचे.  मामा त्यांच्या खाली उलटा उतरत होता, हात पसरलेले, पण कोणालाही न शिवता. आई खाली कुबड्या धरून. रांगेतल्या लोकांनी वाट दिली होती. किती फेऱ्या झाल्या देव जाणे. चालवणाराही जिन्याकडेच पाहत होता आणि पाळणा थांबवायचं विसरला होता. मी वर जायचो, ते एक पायरी खाली. मी खाली यायचो, पुन्हा एक पायरी. मी वर असताना ते किती लहान दिसत होते ते मला अजून दिसतं.

मी उतरलो तेव्हा पुऱ्या कोणीच खाल्ल्या नव्हत्या. बाबांच्या पँटला मागून गंजाचे पट्टे पडले होते. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मॅनेजरकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि घरी गेल्यावर टाइपरायटरवर अर्जही लिहिला नाही. त्याची आम्ही सगळे आठवडाभर वाट पाहत होतो.

मालाच्या फाटकातून बाहेर आलो. जीपमध्ये ताई पुढे बसली, मी मागे तीनचाकीला धरून. गाडी सुरू झाल्यावर तिनं मागे न पाहता विचारलं, “दिसलं काय घर?”

“दिसलं न,” मी म्हणालो. “एकदम साफ. आपली गल्ली, वळणावरचं लिंबाचं झाड, सगळं.”

“आपलं कोणतं ते कसं ओळखलं?”

“ओळखू येते न. पाण्याची टाकी दिसली.”

“गच्चीवर काय होतं?”

एप्रिल महिना होता, प्रत्येक गच्चीवर तेच असतं. “कुरड्या,” मी म्हणालो.

 मामानं गिअर बदलला. मग तिनंच सांगितलं, “लाल पलंगपोस होता. निघायच्या आधी आईले टाकायला लावला मी. वरून आपलं घर कळावं म्हणून.”

मी लगेच काहीतरी जुळवायला गेलो, वारा होता, उडाला असेल, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीच सुचलं नाही.

“इतके फेरे बसला,” ताई म्हणाली, “अन् एकदा मान वळवून पाह्यलं नाही.”

घरी पोचलो तेव्हा पलंगपोस अजून गच्चीवर होता, चारी कोपऱ्यांवर आईनं विटा ठेवलेल्या. रस्त्यावरून त्याची नुसती कड दिसत होती. आई जिन्याकडे निघाली, तर ताई म्हणाली, “राहू दे आज.”